शेवटची दगडाबाई

केजजवळच्या त्या गावात दगडाबाई हे नाव आता कुणी ठेवत नव्हतं. अंगणवाडीत सगळ्या स्वरा, आरोही, शिवन्या. त्या नावाची शेवटची म्हातारी त्या सकाळी वारली.

अंगणवाडीच्या रोहिणीताई मुलींना खिचडी वाढत होत्या. मदतनीस छबुबाई दारातूनच म्हणाली, "ताई, दगडाबाई गेली."

"कुटं गेले? मी हितंच हाय की," छोटी स्वरा घास चावत म्हणाली.

रोहिणीताईंना हसू आलं. "अगं, तू तर स्वरा!"

"न्हाई, दगडाबाई मी हाय," आरोही म्हणाली.

मग ओळीतल्या सगळ्याच मुली "मी, मी" म्हणू लागल्या. रोहिणीताई घाबरल्या. त्यांची स्वतःची लेक टोकाला गप्प बसली होती. त्यांनी तिला जवळ ओढलं.

"शिवन्या! शिवन्या, बोल ना!"

लेकीने त्यांच्या गालावरून मायेनं हात फिरवला.

"कुणाला हाका मारतीस, पोरी?"