खालची जागा

अण्णांच्या बायकोची नाडी सोडून डॉक्टरांनी मान हलवली, त्याच संध्याकाळी तळमजल्यावरचे भाडेकरू गावंडे पिठलं-भात घेऊन वर आले.

"दोन घास खा, अण्णा. आणि मृत्यूचा दाखला काढलात की एक झेरॉक्स द्या. खालची जागा तुम्ही वहिनींच्या गुडघ्यांसाठी मागितली होती. वकील म्हणतात, गरजच संपली, आता कोर्टात दावा टिकत नाही."

अण्णांनी पातेलं परत त्यांच्या हातात कोंबलं. "अकरा वर्षं ती जिन्यावर बसून एकेक पायरी उतरली. तेव्हा नाही दिसली कुणाला गरज?"

"कायदा मी केला का?"

"नाही. तुम्ही नुसत्या तारखा घेतल्यात, ती मरेपर्यंत!"

महिना झाला. अण्णांनी अजून दाखला काढलेला नाही.