पहिले दहा आकडे

छळ सोसणाऱ्या बायकांच्या मेसेजमधून सलग दहा आकडे शोधायचे आणि त्या नंबरवर ‘तक्रार मिळाली, माणूस पाठवतो’ असं कळवायचं, हे मदतकेंद्रात काम करणाऱ्या तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमचं काम होतं. प्रोग्रॅमने पाठवलेलं पहिलंच उत्तर तिने मूळ मेसेजशी ताडून पाहिलं. बाईने नवऱ्याचा नंबर लिहून ‘इथे चुकूनही कळवू नका’ असं बजावलं होतं. जिथे कळवायचं तो शेजारणीचा नंबर त्याखाली होता. प्रोग्रॅमने पहिले दहा आकडे उचलले होते. तेवढ्यात फोन वाजला. “ताई, आमच्या घरातून कसली तक्रार आलीय?” नवऱ्याचा आवाज मधाळ होता. “नळ गळतोय म्हणून, दादा.” “आमचा कुठलाच नळ गळत नाही.” त्याच्यामागून बाईचा आवाज आला, “मोरीतला गळतोय, अहो. मीच कळवलं.” “कधी येतोय माणूस?” त्याने विचारलं. “लगेच निघतोय, दादा. तोवर फोन ठेवू नका, पत्ता सावकाश सांगा,” ती म्हणाली आणि मदतपथकाला पाठवायला पत्ता टाइप करू लागली.