नवव्या खेपेला पास

“लायसन्स दिलं कोणी हो या बाईला?” साहेब पलंगावरून असे गरजले की शेजारच्या पेशंटच्या हातातला चहा हिंदकळला. “आधी त्या माणसाला आत टाका!”

साहेबांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता, तोंड मात्र ठणठणीत. सकाळी अंडी घेऊन घरी निघाले होते आणि चौकात रस्ता ओलांडताना एका मोटारीने त्यांना आडवं केलं. आडवं कोणाला केलं? एकतीस वर्षं ज्यांनी गावाच्या ड्रायव्हिंगच्या टेस्ट घेतल्या, त्यांना! पाठीमागे लोक त्यांना ‘नापाससाहेब’ म्हणत. त्यांच्या हातून पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस अजून जन्माला यायचा होता. साहेबांना त्याचा भारी अभिमान. लायसन्सवर माझी सही असलेल्या माणसाने आजवर कुणाला खरचटूसुद्धा दिलेलं नाही, असं ते छाती पुढे काढून सांगत. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणात हे वाक्य तीन वेळा यायचं होतं.

मोटारवाल्या बाई थर्मास घेऊन दाराशी उभ्या होत्या. शाळेत गणित शिकवायच्या. साठ पोरांचा वर्ग त्यांच्या एका नजरेने गार पडे, पण इथे त्यांचीच बोबडी वळली होती. दोनदा त्यांनी तोंड उघडलं, दोनदा साहेबांनी डोळे वटारले. टेस्टच्या मैदानावर विचारल्याशिवाय कोणी बोललं की साहेब तिथल्या तिथे नापास करत. साहेबांनी मात्र बाईंना ओळखलं नव्हतं. ते माणसांच्या चेहऱ्याकडे कधी बघतच नसत, चाकांकडे बघत.

इतक्यात नर्स औषधांची ट्रॉली ढकलत आली आणि पलंगापाशी थबकली. साहेबांचा हात आपसूक वर गेला, दोन बोटं हलली. या, या, पुढे या. ट्रॉली पुढे आली ती थेट पलंगावर आदळली.

“समोर माणूस दिसत नाही?” साहेब कळवळून ओरडले.

“अहो, तो हात खाली ठेवा आधी,” उशाशी बसलेली त्यांची बायको म्हणाली. “घरात मी ताट घेऊन आले तरी तेच!”

जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने वही उघडली. “तर मग लिहितो. गाडी निष्काळजीपणे चालवली, चूक बाईंची. खटला होईल, लायसन्स जाईल. आणि ते दिलं कोणी म्हणून विचारत होतात ना? हे घ्या, बघा.”

साहेबांनी चष्मा चढवला. लायसन्सवर एक सही होती, शेपटाला गाठ मारलेली. तारीख गेल्याच महिन्यातली. साहेबांनी लायसन्स उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. सही त्यांचीच होती. शनिवारचं भाषण त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

“हवालदार,” ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, “जबाब बदला. चूक माझी.”

बायकोने कपाळाला हात लावला. “अगंबाई! लग्नाला तीस वर्षं झाली, हे दोन शब्द मी आज ऐकतेय.”

“तू गप्प बस. लिहा हो. मी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून चालत नव्हतो. मध्येच कुठूनतरी घुसलो. धावत.”

“धावत?” बायको म्हणाली. “पिशवीत दीड डझन अंडी असताना? अंडं फुटेल म्हणून तुम्ही शिंकतसुद्धा नाही!”

“आणि साहेब, अंडी फुटलीत ती पट्ट्यांवरच,” हवालदार म्हणाला. “बलक अजून तिथेच आहे. मी स्वतः घसरलोय त्याच्यावर. तुमचं मन मोठं आहे, पण हा जबाब मला खोडावा लागणार. चूक बाईंचीच.”

त्याने पेन उचललं. लायसन्स गेलंच म्हणून बाईंचे डोळे भरून आले, आणि मग जे व्हायचं ते होवो म्हणून त्यांनी थर्मास दाणकन टेबलावर ठेवला.

“मी पट्ट्यांच्या अलीकडे थांबले होते! पूर्ण थांबले होते. साहेब रस्त्याच्या मधोमध आले, माझ्या चाकांकडे बघून खूश झाले आणि त्यांनी हात केला. दोन बोटं हलवून, या, या, पुढे या. मग मी आले पुढे. मैदानावर ते हात करतात आणि बाजूला होतात. आज झाले नाहीत.”

खोलीत सगळे साहेबांच्या हाताकडे बघू लागले. साहेबांनी तो चादरीखाली घेतला.

“पण बाई,” हवालदार म्हणाला, “समोर माणूस उभा दिसतोय, तरी गाडी घातलीत?”

“पास होण्याआधी आठ वेळा मी नापास का झाले, ते साहेबांनाच विचारा.”

साहेबांनी डोळे बारीक केले. “पांढरी गाडी? पुढचं डावं चाक घासलेलं?”

“तीच.”

“हात केला तरी जागची हलायची नाही,” साहेब पुटपुटले. “आठही वेळा.”

“म्हणजे मघाचा जबाब खोडायचा नाही?” हवालदाराने विचारलं. “चूक तुमचीच राहू द्यायची?”

“राहू द्या,” साहेब म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदाच बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांची छाती हळूहळू पुढे आली.

“पण आज बघा हवालदार, हात केल्याबरोबर कशी आली!”