बरणीतली काळी माती

दुपारच्या शांततेत टेबलावरच्या बरणीचं झाकण टक्कन वाजलं. समोरच्या पलंगावर लेक झोपली होती, म्हणून मी दबकतच गेले.

बरणीत माझ्या बांधकामाच्या साइटवरची काळी माती होती. पाण्यात ती किती फुगते, ते पाहून मला ठेकेदाराला सांगायचं होतं, की तळमजल्याचा स्लॅब आणि पार्किंग तिच्यावरच करायचं, की ती उपसून मुरूम भरायचा.

माती फुगली, यात नवल नव्हतं. पण मग ती बसली. पुन्हा फुगली, पुन्हा बसली, अगदी सावकाश. मी लेकीकडे वळून पाहिलं. तिची छाती आणि ही माती एकाच लयीत वरखाली होत होती. मी स्वतः श्वास घ्यायचं विसरले.

फोन वाजला. "मॅडम, रोलर सकाळपासून उभा आहे. मातीची मर्जी विचारताय की काय?" ठेकेदार हसला. "फिरवू ना?"

"थांबा हो जरा," मी कुजबुजले.

लेक जागी होऊन आली, तरी माती हलतच होती. तिनं बरणीला गाल लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"आई, हिची आई तिकडे साइटवर खालीच राहिली का गं?"