बीपीच्या मशीनचा पट्टा

सुलेखा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तिचा नवरा संघपाल वाळूजच्या कंपनीत प्रेशर सेन्सर तपासत होता. महिन्याने शेजारच्या चंपाबाई म्हणाल्या, “संघपाल, तिचं बीपीचं मशीन मला देतो का बाबा? डॉक्टरनं रोज मोजायला सांगितलंय.” “तपासून देतो, मावशी,” म्हणत तो मशीन कामावर घेऊन गेला. तपासणीसाठी दंडाचा पट्टा उघडून लोखंडी नळकांड्यावर गुंडाळावा लागतो. सुलेखा पट्टा कधीच उघडायची नाही, बांगडीसारखा हातातून ओढून काढायची. तो चिडला की म्हणायची, “पुन्हा कोण गुंडाळत बसंल? तुमचे सेन्सर तुम्ही सांभाळा, माझा हात मी सांभाळते.” पट्टा अजून तिच्या दंडाएवढाच गोल होता. त्याने टोक धरलं, सोडलं. दुसऱ्या दिवशी चंपाबाईंना नवं मशीन विकत आणून, तपासून दिलं. सुलेखाचं मशीन कामावर त्याच्या कपाटात आहे. तपासणी तेवढी राहिली आहे.