फळ्यावरची नावं

मुलुंडच्या शाळेत सहावीच्या पालकसभेचा विषय होता, ‘मुलांना शिस्त कशी लावावी’. पालकांच्या सह्या घ्यायला चेतनाबाईंनी मॉनिटर संघमित्राला थांबवून घेतलं होतं. मध्येच मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं, तशा बाई उठल्या आणि सवयीने बोलून गेल्या, “मी येईपर्यंत वर्गात आवाज नको. जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर!”

संघमित्राला मॉनिटरचा बॅज मिळून जेमतेम आठवडा झाला होता, आणि तो तिला काही करून टिकवायचा होता. तिने खडू उचलला.

बाई परतल्या तेव्हा फळा भरला होता. मिथुनचे पप्पा, फोनवर ओरडत होते, तीन फुल्या. राधाची मम्मी, रील बघून हसली, दोन फुल्या. सगळ्यात खाली संघमित्राची आई, एक फुली.

“ही कोण मोठी लागून गेली आमची नावं लिहिणारी?” मिथुनचे पप्पा कडाडले.

संघमित्राने त्यांच्या नावापुढे चौथी फुली मारली.

दुसऱ्या दिवशी बॅज मिथुनच्या खिशाला लागला, आणि संघमित्राच्या डायरीत लाल शाईचा शेरा आला.


‘वर्गात शिस्त पाळत नाही. पालकांची सही आणावी.’