न तपासलेला ट्रान्झिस्टर

९ फेब्रुवारीला सकाळी ६.४० वाजता, आत ९६ अंडी असताना, वहिनींच्या उबवणी यंत्राचा हीटर बंदच होईना. अंडी उकडू नयेत म्हणून मी वीज तोडली. त्यांनी यंत्रावर गोधडी पांघरली.

हीटरला वीज सोडणारा पॉवर ट्रान्झिस्टर मी मल्टीमीटरने तपासला. आकडा शून्य, म्हणजे वीज न अडता आरपार जाते, तो जळाला होता. जवळचे दोन नवे तपासले, तेही शून्य! तिन्ही कसे जळतील? मला काहीच उलगडेना. अंडी मात्र गार होत होती.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “मीटरच्या तारा गोधडीवर पडल्यात, तरी शून्यच दिसतंय. माझी गोधडीपण जळाली म्हणायची का?”

गोधडीतून कुठे वीज जाते? बिघाड मीटरमध्येच होता, नव्यांची तपासणीही फुकट. आयुष्यात प्रथमच मी न तपासलेला नवा ट्रान्झिस्टर बसवला आणि वीज जोडली.

बारा दिवसांनी निघालेली पिल्ले : ८१.